पडद्यावरील जागेची वाटणी



संगणकाच्या पडद्यावर अर्ज मांडताना जागेची वाटणी कशी करावी, हा आजचा विषय. किमान वेतनावर बोलण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने हे काय काढले, असे कोणाला वाटेल. पण मी फार दूर जाणार नाही.

पडद्यावर बटणे दिसतात, लिहिण्याच्या चौकटी दिसतात. दिसत नाहीत त्या त्यांना पोटात घेणाऱ्या पेट्या. आडवी पेटी आपले घटक शेजारी शेजारी बसवते, उभी पेटी एकाखाली एक. पेटीत पेटी ठेवून सारा अर्ज उभा राहतो. दुसरी रीत म्हणजे प्रत्येक घटक ठरावीक जागी, ठरावीक मापात खिळून टाकणे. ती सोपी खरी, पण आपल्या भाषेच्या मुळावर येते.

विट्याच्या एका यंत्रमाग कामगाराच्या विधवेचा अर्ज आम्ही भरत होतो. कोणत्या कचेरीचा, ते सोडा. मूळ मांडणी इंग्रजीत झालेली. मराठी करताना अक्षरे बदलली, मापे तीच राहिली. ‘अर्ज सादर करा’ आणि ‘अर्ज रद्द करा’ ही दोन्ही बटणे नुसती ‘अर्ज’ एवढीच उरली. बाईंनी डावीकडचे दाबले. दीड तासाचे काम पुसले गेले, आणि त्या दिवसाचा खाडा पडला तो निराळाच.

छापखान्यातील जुळाऱ्याला हे कोडे ठाऊक होते. किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, त्या काळी शिशाचे खिळे एकेक जुळवून ओळ होई, ओळींमध्ये पट्ट्या सारून पान होई, आणि उरलेली जागा भरून ते लोखंडी चौकटीत आवळले जाई. शब्द जेवढा, तेवढी जागा. डोनाल्ड नुथ यांनी १९७८ साली ‘टेक’ ही जुळणीची आज्ञावली आणली, तीत हाच विचार पेट्या आणि त्यांमधला ताणला-आवळला जाणारा गोंद या रूपाने आला. पुढे स्टॅनफर्डच्या ‘इंटरव्ह्यूज’ने तो पडद्यावरील बटणांना लावला.

आता वाटणी पाहा. ‘जीटीके’ या प्रचलित साधनसंचात ती दोन फेऱ्यांत होते. आधी मागणी खालून वर जाते: प्रत्येक घटक आपली किमान गरज सांगतो, आणि ऐसपैस बसायला किती लागेल तेही. पेटी बेरीज करून वरच्या पेटीला कळवते. मग वाटप वरून खाली येते. शिल्लक उरली, तर ‘फैलाव’ची खूण असलेल्यांना ती मिळते. समान वाटणीची पेटीही आहे. तीत ज्याची गरज सर्वांत मोठी, त्याच्या मापाने सर्वांना. (असा मालक मला अजून भेटायचा आहे.) ठरावीक जागी खिळण्याची सोय तिथे आहेच, पण भाषांतर झाले वा अक्षरे बदलली की मजकूर कापला जाईल, असे तिच्या माहितीपुस्तिकेतच बजावले आहे.

पेट्यांनी सगळे सुटते असे नव्हे. किमान गरजांची बेरीजच पडद्याहून मोठी झाली, तर सरकती पेटी हवी. नाहीतर शेवटचे बटण काठाबाहेर जाते.

कराडपासून सांगलीपर्यंत कोणी असा अर्ज आमच्यापुढे आणला, की मी त्याला सर्वांत लांब मराठी शब्द घालायला लावतो. मग चाळिशी लावणाऱ्या विणकरासाठी अक्षरे दीडपट करायची, खिडकी अरुंद करायची, आणि दोन्ही बटणे मोठ्याने वाचून दाखवायची.