एका अक्षराचे मोल



सभागृहातील रंगमंचाचा प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर बंद पडला, की पुष्कळदा त्यातील ट्रायॅक निकामी झालेला आढळतो. ‘बीटीए ४१-६००’ हा त्याचा एक प्रचलित प्रकार; ४० अँपिअर प्रवाह व ६०० व्होल्ट दाबाच्या क्षमतेचा. ‘बीटीबी ४१-६००’ची क्षमता तीच, रूपही तेच. मात्र ‘बीटीए’ची धातूची पाठ विद्युतरोधित असते, ‘बीटीबी’ची नसते. तो तसाच बसविल्यास उष्णता शोषणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पट्टीत वीज उतरते आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते.

म्हणून मागणीपत्रात ‘किंवा तत्सम’ असे मोघम न लिहिता जुन्या भागावरील संपूर्ण क्रमांक अक्षरांसह नोंदवावा, आलेला भाग त्याच्याशी ताडून पाहावा आणि वीजपुरवठा तोडून जाणकार तंत्रज्ञाकडूनच तो बसवून घ्यावा. प्रयोग एक दिवस लांबला तरी हरकत नाही.