सामाईक जागेचा झाडू कुणाच्या हाती?

आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. त्या पाच वर्षांत बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला सामूहिक निवासाचा प्रकल्प एकदा तरी येतोच. कधी नोकरदार महिलांचं वसतिगृह, कधी ज्येष्ठ नागरिकांचा सहनिवास, कधी जुन्या चाळीचा पुनर्विकास, तर हल्ली शहरात नव्यानं येणाऱ्या तरुणांसाठी को-लिव्हिंग. ज्युरीसमोर शीट्स लागतात तेव्हा अशा प्रकल्पांत एक चित्र हमखास असतं. इमारतीच्या मधोमध उंच चौक, त्यात वरून उतरणारं ऊन, कडेनं रुंद पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवर संगणकातून आणून बसवलेली माणसं. कुणी गिटार वाजवतंय, कुणी वाचत बसलंय, लहान मुलं फुगे घेऊन धावताहेत. हातात झाडू घेतलेलं माणूस मात्र त्या चित्रात सापडत नाही. आज मला बोलायचं आहे ते या झाडूबद्दल. सामाईक जागा नुसती सुंदर काढली म्हणून जगत नाही. तिथे माणसांचं रोजचं काहीतरी काम असावं लागतं, ती मोजक्या घरांची असावी लागते आणि तिची निगा कोण, कशी राखणार याची सोय नकाशातच व्हावी लागते. या तीन गोष्टी विद्यार्थ्याकडून प्लॅन आणि सेक्शनइतक्याच आग्रहानं मागितल्या जायला हव्यात, असं माझं म्हणणं आहे.

आधी कामाचा मुद्दा घेऊ. सहजीवनाचा विषय निघाला की आपल्याकडे गिरगाव-लालबागच्या चाळींची आठवण निघते, आणि चाळीच्या गॅलरीचं कौतुक होतं. हे कौतुक रास्त आहे, पण गॅलरी का जिवंत राहिली ते नीट पाहिलं पाहिजे. गप्पा मारण्यासाठी म्हणून ती कुणी बांधली नव्हती. खोलीत शिरायची वाट तीच होती. पाणी भरून आणायचं ते तिच्यावरून, कपडे वाळत घालायचे ते तिच्या दोरीवर, गहू निवडायचे ते तिच्या उजेडात आणि मुलांवर लक्ष ठेवायचं तेही तिथूनच. ही कामं करता करता बोलणं होत असे. आता विद्यार्थ्याच्या शीटवरचा चौक पाहा. लिफ्ट त्याला बगल देऊन जाते, स्वयंपाकघरं त्याच्याकडे पाठ करून असतात, कपडे मागच्या डक्टमध्ये वाळतात. त्या चौकात जायला माणसाला मुद्दाम वेळ काढावा लागेल, आणि दिवसभर काम करून, लोकलनं प्रवास करून परतलेल्या माणसाकडे मुद्दाम काढायला वेळ नसतो. म्हणून सामाईक जागा वाटेवर हवी, आणि रोजच्या कामाच्या वाटेवर हवी.

पण नुसतं काम आणून ठेवलं की भागतं, असंही नाही. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात 1950 च्या दशकात प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत उभी राहिली. 33 इमारती, प्रत्येक 11 मजल्यांची, वास्तुकार मिनोरू यामासाकी. तिथली लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावर थांबत असे, आणि त्या मजल्यावर लांबरुंद गॅलरी ठेवली होती. कपडे धुण्याच्या खोल्याही तिथेच होत्या. म्हणजे वाट होती आणि कामही होतं. आराखडे प्रसिद्ध झाले तेव्हा या गॅलऱ्यांची वाहवा झाली. प्रत्यक्षात लोक त्या गॅलऱ्यांतून जायला घाबरू लागले, आणि 1972 पासून इमारती पाडायला सुरुवात झाली. ऑस्कर न्यूमन या वास्तुकारानं या वसाहतीचा बारकाईनं अभ्यास केला. जिन्यासमोरची जी छोटी जागा दोनच घरांत होती ती स्वच्छ, नीटनेटकी राहिली. 20 घरांत मिळून असलेले पॅसेज आणि 150 घरांत मिळून असलेले जिने, लिफ्ट, प्रवेशदालनं यांची मात्र दुर्दशा झाली. इमारती त्याच, माणसंही तीच. रस्त्यापलीकडे कार स्क्वेअर व्हिलेज ही बैठ्या-दुमजली घरांची जुनी वसाहत होती. तिथली माणसं त्याच आर्थिक स्तरातली होती आणि ती वसाहत व्यवस्थित नांदत होती. प्रुइट-आयगोच्या पडझडीला इतर कारणंही होती. देखभालीचा खर्च भाड्यातूनच निघायला हवा अशी अट होती, भाडेकरू गरीब होते, आणि शहरातला वर्णभेद होताच. तरीही एकाच इमारतीतली दोन घरांची जागा टिकते आणि दीडशे घरांची टिकत नाही, याचा उलगडा फक्त पैशांच्या टंचाईनं होत नाही; जागा मोजक्या घरांची असावी लागते.

हाच धडा आपल्या अगदी जवळ, चांगल्या बाजूनं, नवी मुंबईत बेलापूरला पाहायला मिळतो. चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 1986 या काळात सिडकोसाठी तिथे वसाहत रचली. तिची सुरुवात सात घरांपासून होते. सात घरं एका अंगणाभोवती, आणि ते अंगण साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. असे तीन गट, म्हणजे 21 घरं, पुढच्या थोड्या मोठ्या मोकळ्या जागेभोवती, आणि असं करत करत वस्तीच्या मैदानापर्यंत. घराघरांत सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे ज्याला जमेल तसं त्यानं आपलं घर वाढवावं. पुढे लोकांनी ते मनावर घेतलं. आज अनेक मूळ घरांच्या जागी मोठी घरं उभी आहेत, पण अंगणांची मांडणी अजून ओळखू येते. आठ मीटर म्हणजे किती? एका उंबऱ्यावरून समोरच्या उंबऱ्यावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल, इतकं. त्या अंगणात अनोळखी माणूस आला तर सातही घरांना कळतं, आणि तिथे कचरा पडला तर तो सातांपैकीच कुणाचा तरी असतो. बाळकृष्ण दोशी यांच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीत हेच काम ओट्यानं आणि जिन्याच्या पायऱ्यांनी केलं. गरीब कुटुंबाला जागेचा तुकडा, संडास-मोरी आणि पुढे वाढवता येईल असा घराचा गाभा द्यायचा, आणि घर व रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यावर त्या घराचा हक्क मानायचा. या वसाहतीला आगाखान पुरस्कार मिळाला. घराच्या इतक्या जवळचा ओटा झाडायला कुणाला सांगावं लागत नाही.

इथे एक आक्षेप लगेच येईल. मुंबईच्या बीडीडी चाळींत मधल्या एका पॅसेजच्या दोन्ही बाजूंना मिळून 20 खोल्या होत्या, मग तिथे शेजार कसा टिकला? आक्षेप योग्य आहे, आणि त्यातून संख्येचा नियम जास्त स्पष्ट होतो. 160 चौरस फुटांच्या खोलीत सगळं कुटुंब मावत नसे, म्हणून दार उघडं असे आणि पॅसेज घराचाच भाग होई. तीच कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिली, एकमेकांना नावानं ओळखत राहिली. पण त्याच मजल्यावरच्या सामाईक संडासांबद्दल कुणालाही विचारा. तिथे आपुलकी चालली नाही. ज्या जागेत बसायला आवडतं ती माणसं वाटून घेतात. जी घासावी लागते ती दुसऱ्यावर ढकलतात. 2025 मध्ये या चाळींच्या पुनर्विकासात वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या, स्वतंत्र संडास असलेल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांचा आनंद खरा होता, आणि चाळीच्या आठवणीनं हळवं होणाऱ्या प्रत्येकानं तो समजून घ्यायला हवा. काय सामाईक ठेवायचं आणि काय बिलकूल ठेवायचं नाही, हा सामूहिक निवासाचा पहिला निर्णय आहे. तो विद्यार्थ्यानं विचारपूर्वक घेतला पाहिजे.

यातून तिसरा मुद्दा येतो, निगा राखण्याचा. आजच्या को-लिव्हिंग प्रकल्पांत सामाईक स्वयंपाकघर मोठ्या हौसेनं काढलेलं असतं. पण रात्री साडेदहा वाजता सिंकमध्ये साठलेली भांडी कोण घासणार? गिरणगावात एकेका खोलीत दाटीवाटीनं राहणाऱ्या गिरणी कामगारांचा हा प्रश्न खानावळींनी सोडवला होता. महिन्याच्या बोलीवर बायका जेवण करून घालत, आणि तो त्यांचा रोजगार होता. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक इथे 2014 साली काल्कब्राइटे नावाची सहकारी इमारत ट्रामच्या डेपोवर उभी राहिली. तिथे सुमारे 50 माणसांचं एक मोठं सामूहिक घर आहे. त्यांनीही संध्याकाळच्या जेवणासाठी पगारी स्वयंपाकी ठेवला. देश, काळ, ऐपत सगळं वेगळं, तरी उत्तर एकच निघालं: रोजचं कष्टाचं काम सदिच्छेवर सोडायचं नाही. कामासोबत नियमही ठरलेले असले की काय होतं, ते मुंबईतच दिसतं. धोबीतलाव, माझगाव भागात गोव्याच्या खलाशांचे कूड, म्हणजे सामूहिक निवास, होते, काही आजही आहेत. धोबीतलावच्या जेर महालात असे अनेक कूड एकाच छताखाली राहिले. एका मोठ्या खोलीत भिंतीलगत एकेकाची पेटी, त्या पेटीत त्याचा सगळा संसार, रात्री जमिनीवर वळकटी. आपापल्या गावच्या लोकांचा हा क्लब, त्याची वर्गणी, त्याचे नियम, एका बाजूला वेदी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून म्हणायची रोझरीची प्रार्थना. जहाजावर जायचं बोलावणं येईपर्यंत माणूस तिथे राही. जागा अगदी थोडी असूनही कूड इतकी वर्षं चालले, कारण तिथे कुणाचं काय आणि कुणी काय करायचं याबद्दल संदिग्धता नव्हती.

यावर कुणी म्हणेल की नियम करणं, वर्गणी गोळा करणं हे सोसायटीच्या कमिटीचं काम, आर्किटेक्टचं नव्हे. मला हे पटत नाही, कारण निगा राखता येईल की नाही हे बऱ्याच अंशी रेघांनीच ठरतं. एक मजल्यावरची लॉबी घ्या. ती दीड मीटर रुंद ठेवली तर माणसं फक्त ये-जा करतील. ती अडीच मीटर केली, खिडकीचा कट्टा बसता येईल इतका खाली घेतला आणि लिफ्टचं दार तिच्यासमोर उघडलं, तर येणारा-जाणारा बसलेल्याशी बोलेल. कोपऱ्यात एक नळ आणि खाली नाहणी दिली तर ती जागा धुता येईल. नळ नसेल तर कुणी चौथ्या मजल्यावर घरातून बादली आणून धुणार नाही. झाडू-बादलीला एक कपाट हवं, दिवा सामाईक मीटरवर हवा, आणि त्याचं बटण हाताशी हवं. यातलं काहीही कमिटीला नंतर सहजी करता येत नाही. नळाची लाइन, उतार, रुंदी हे सगळं नकाशातच ठरून जातं.

दुसरा आक्षेप पैशांचा. मुंबई-पुण्यात जागेचा भाव पाहता सामाईक जागेची चैन परवडणार कशी? त्याला उत्तर असं की मी जास्त जागा मागत नाही, आहे तीच वाटून घ्यायला सांगतो आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडी, कल्याण केंद्र, सोसायटीचं कार्यालय यांची तरतूद आधीच आहे. प्रश्न असा आहे की या खोल्या इमारतीच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाणार, की जिथून सगळे जातात त्या दारापाशी येणार. शंभर घरांच्या एका भव्य सभागृहापेक्षा सात-आठ घरांमागे एक छोटी जागा, हा हिशोब बांधकामालाही जड जात नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. आपलं जुनं सहजीवन जात, धर्म, गाव यांच्या कुंपणातलं होतं. चाळी जातवार भरत, कूड गावाचा असे. आजही खाण्यापिण्यावरून, धर्मावरून घर नाकारलं जातं. मग सहजीवनाचा गौरव म्हणजे या कुंपणांचाच गौरव नाही का? ही शंका मनात ठेवूनच विद्यार्थ्यानं पेन्सिल उचलावी. नकाशा जात मोडू शकत नाही, हे कबूल. पण नकाशा कुणाला वगळतो ते मात्र दाखवता येतं. ज्या प्रकल्पाला सामूहिक म्हटलं आहे तिथे घरकामाला येणाऱ्या बाईंनी कोणता संडास वापरायचा? रात्रपाळीच्या वॉचमननं कुठे टेकायचं? सफाई कामगारानं हात-पाय कुठे धुवायचे? याची उत्तरं शीटवर नसतील तर ती इमारत काही जणांनीच वाटून घेतलेली आहे, हे ज्युरीनं स्पष्ट सांगितलं पाहिजे.

आणि शेवटी, विद्यार्थ्यांच्या कल्पनाशक्तीला हे जोखड नको, असंही म्हटलं जातं. उलट, कोरियांची सात घरं आणि दोशींचा ओटा या निगेच्या प्रश्नाचं उत्तर ठरलेल्या कल्पना आहेत. महाराष्ट्रातल्या जुन्या चाळी आणि सोसायट्या आज मोठ्या प्रमाणावर पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्यांचे नकाशे हेच विद्यार्थी काही वर्षांत काढतील. म्हणून माझी आर्किटेक्चरच्या शिक्षकांना विनंती आहे: सामूहिक निवासाच्या प्रत्येक प्रकल्पासोबत एक जादा शीट मागा. त्यावर प्रत्येक सामाईक जागेपुढे ती किती घरांची, तिथे रोज काय होणार, ती कोण साफ करणार, किल्ली कुणाकडे आणि विजेचं बिल कोण भरणार, एवढं लिहिलेलं असू द्या. ज्या जागेपुढे ही उत्तरं लिहिता येत नाहीत ती जागा विद्यार्थ्यानं खोडावी आणि ते क्षेत्रफळ घरांना परत द्यावं. जिच्यापुढे लिहिता येतात ती टिकेल, आणि तिथे राहणारी माणसं एकमेकांना ओळखतील.