आधी प्लंबर, मग दुकान: घरात कमोड बसवताना

आजचा विषय ऐकून कोणी नाक मुरडेल, पण चालेल. आज बोलायचंय संडासाबद्दल. घरातला जुना भारतीय बैठकीचा संडास काढून तिथे कमोड बसवायचा असेल, तर प्लंबरकडून काम कसं करून घ्यायचं?

विषय का घेतला सांगतो. आमच्या आजीला गुडघ्यांमुळे उकिडवं बसता येईना. मग तिने संध्याकाळनंतर पाणी पिणंच कमी केलं. अशी बरीच म्हातारी माणसं असतात, फक्त ती बोलत नाहीत. घरात कोणी असं करत असेल, तर हा भाग त्यांच्यासाठी आहे.

पहिला प्रश्न, यूट्यूब बघून आपणच केलं तर? सीट कव्हर बदला, जेट स्प्रे लावा, टाकीतला फ्लोट बदला, बिनधास्त करा. पण इंडियनचा वेस्टर्न करायला प्लंबरच पाहिजे. कारण बघा, जुन्या भांड्याच्या खाली, फरशीच्या आत एक ट्रॅप असतो. ट्रॅप म्हणजे वाकडा पाइप. त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं आणि गटाराचा वास वर येत नाही. कमोडला स्वतःचा ट्रॅप पोटातच असतो. जुना तसाच ठेवून वर कमोड बसवला, की एकामागे एक दोन ट्रॅप होतात. मधे हवा अडकते, फ्लश नीट उतरत नाही, सारखं तुंबतं. "फोडाफोडी न करता एका दिवसात करून देतो" असं कोणी म्हणालं, तर आधी विचारा, "दादा, खालच्या ट्रॅपचं काय करणार?" उत्तरावरून माणूस कळतो.

दुसरी गोष्ट माप. कमोड दोन प्रकारचे. एस-ट्रॅपचं तोंड खाली जमिनीत जातं, पी-ट्रॅपचं मागे भिंतीत. एस-ट्रॅपमध्ये भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर बघतात. आपल्याकडे ४, ९, १२ इंच अशी मापं मिळतात. हे अंतर टाइल्स बसल्यानंतरच्या भिंतीपासून मोजायचं, उघड्या विटेपासून नाही. म्हणून सेल लागलाय म्हणून कमोड आधी घेऊन टाकू नका. प्लंबरला घरी बोलवा, जागा दाखवा, माप लिहून घ्या आणि मग दुकानात जा. आमच्या भाषेत, रिक्वायरमेंट आधी, कोड नंतर.

तिसरी आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट वॉटरप्रूफिंग. फ्लॅटमध्ये आपली फरशी म्हणजे खालच्यांचं छत. सोसायटीला आधी कळवा, खालच्या काकूंनाही सांगा. फरशी फोडून नवा पाइप टाकला आणि वॉटरप्रूफिंग सुकलं, की पाइपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरायचं. पातळीवर खूण करायची आणि किमान २४ तास ठेवायचं. मग खाली जाऊन छत बघून यायचं. हे सगळं टाइल्स लावायच्या आधी. टाइल्स लागल्या म्हणजे कोड प्रॉडक्शनला गेला, आता बग शोधायचा तर सगळं पुन्हा फोडा.

कमोड बसवताना स्क्रूवर बसवा आणि कडेने सिलिकॉन किंवा व्हाइट सिमेंटची बारीक रेघ द्या. सिमेंटच्या गोळ्यात गाडला, तर पुढे काढताना तो फुटतोच. पाण्याच्या लाइनला अँगल कॉक हवाच, म्हणजे टाकी बिघडली तर अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागत नाही. आणि म्हाताऱ्या माणसासाठी भिंतीला धरायचा दांडा त्याच वेळी सांगा, भिंतीत पक्का बसवून मिळेल. उंचीसुद्धा बघा. त्यांना बसवून, पाय जमिनीला टेकतात ना ते बघून ठरवा.

पैशांचं एका कागदावर लिहा. मजुरी किती, सामान कोण आणणार, टाइल्सवाला वेगळा का, राडारोडा कोण उचलणार. सगळे पैसे आधी देऊ नका. शेवटचा हप्ता चार-पाच फ्लश करून, सांधे कोरडे बघून द्या. आणि तो मात्र त्याच दिवशी द्या, "पुढच्या आठवड्यात या" नको.

घरात एकच संडास असेल, तर ते चार-सहा दिवस काय करणार हे आधी ठरवा. आमची आजी आत्याकडे गेली होती. घाई केली की पहिला घाव वॉटरप्रूफिंगवरच पडतो.

शेवटचं. संडासाचं काम करणाऱ्याला आजही काही घरांत चहा वेगळ्या कपात मिळतो, नाहीतर मिळतच नाही. आपल्या आजीला रात्री निवांत पाणी पिता यावं म्हणून हा माणूस आपल्याकडे गुडघ्यांवर बसून काम करतोय. घरातल्याच कपात चहा द्या, हात धुवायला साबण द्या, नाव विचारा. नंबर सेव्ह करताना "प्लंबर" च्या आधी ते नाव लिहा.

तुमच्या घरी हे काम निघालं असेल, तर हा भाग घरच्यांनाही ऐकवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!