दारीं कोणतें झाड लावावें? – बहावा आणि ताम्हण

नवें घर बांधून होतें, भिंतींना रंग लागतो, आणि मग दारापुढें उरलेल्या पंधरा-वीस हात जागेकडे पाहून घरांतील मंडळी म्हणूं लागतात, ‘येथें एखादें चांगलेंसें फुलझाड हवें.’ जागा बहुधा एकाच झाडापुरती असते. तें एकदां रुजलें, म्हणजे लावणाऱ्याच्या मागें त्याच्या मुलांना आणि नातवंडांना त्याच्याबरोबर राहावयाचें असतें. घरांत सून आणतांना किंवा मुलीला स्थळ पाहतांना आपण जितकी चौकशी करतों, तिच्या चौथाई चौकशी तरी झाडाच्या बाबतींत करावी, असें माझें म्हणणें आहे. ती कशी करावी, हें दोन झाडांच्या उदाहरणानें आज सांगण्याचें योजिलें आहे.

पुष्कळ लोक डोळे मिटून गुलमोहर लावतात. तो शोभिवंत आहे यांत शंका नाहीं. परंतु तो मूळचा मादागास्कर बेटांतला. त्याचें लांकूड ठिसूळ आणि मुळें वरच्यावर पसरणारीं, त्यामुळें वादळवाऱ्यांत त्याच्या फांद्या मोडून पडतात. आपल्या मातींत वाढलेलीं आणि शोभेंत त्याला हार न जाणारीं दोन झाडें आपणांपाशीं आहेत. एक बहावा आणि दुसरें ताम्हण.

हीं दोन्ही पानगळीचीं झाडें आहेत. ‘दारांत उघडें-बोडकें झाड नको’ असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझें एवढेंच सांगणें, कीं पानें टाकणें ही झाडाची काटकसर आहे. पानांवाटे पाण्याची वाफ सतत जात असते. जमिनींतली ओल कमी होऊं लागली, कीं झाड पानें टाकून हा खर्च थांबवितें. गळलेलीं पानें त्याच्याच बुंध्याशीं पसरावीं. तीं कुजून खत होतात आणि तोंपर्यंत जमिनीचा ओलावा धरून ठेवतात. सकाळीं अंगण झाडून तो पाला पेटवून देणें म्हणजे घरांत आलेली लक्ष्मी धुरावाटे बाहेर घालविणें होय.

आतां बहावा पाहूं. संस्कृतांत याला आरग्वध आणि राजवृक्ष अशीं नांवें आहेत. हिंदींत अमलतास म्हणतात. चैत्रांत याचीं जुनीं पानें गळतात आणि वैशाखाच्या सुमारास फांद्याफांद्यांवरून सोनेरी फुलांचे हात-हातभर लांब घोस झुंबरांप्रमाणें खालीं लोंबूं लागतात. केरळांत विषूच्या सणाला हींच फुलें देवापुढें मांडतात, आणि तें त्या राज्याचें राज्यपुष्पहि आहे. फुलांमागून येणाऱ्या शेंगा काळ्या, गोल आणि हात-दीड हात लांब असतात. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं या झाडाला ‘कॅसिया फिस्टुला’ असें नांव दिलें. त्यांतील फिस्टुला म्हणजे नळी. शेंगेंतला काळा गर वैद्य रेचक म्हणून वापरतात. म्हणून लहान मुलांना मात्र तो खेळतां खेळतां चाखूं देऊं नये.

ताम्हणाचा थाट निराळा आहे. याचीं पानें थंडीच्या अखेरीस तांबूस होऊन गळतात, आणि नवी पालवी लवकरच फुटते. मग चैत्र-वैशाखांत फांद्यांच्या टोकांवर जांभळ्या फुलांचे उभे तुरे येतात. प्रत्येक फुलाला बहुधा सहा पाकळ्या असतात, आणि त्या चुणीदार रेशमासारख्या सुरकुतलेल्या दिसतात. पावसाळ्यांत पुष्कळदां थोडा बहर पुन्हां येतो. हें झाड आपल्या मेंदीच्या कुळांतलें आहे. लिनिअसानेंच १७५९ सालीं मॅग्नस लागरस्ट्रोम या आपल्या मित्राच्या नांवावरून या वंशाला ‘लागरस्ट्रोमिया’ हें नांव दिलें. बंगाल-आसामकडे याला जारूल म्हणतात. त्याचें लांकूड पाण्यांत टिकाऊ असल्यामुळें होड्यांच्या कामीं येतें. महाराष्ट्राचें राज्यपुष्प तें हेंच.

रूपाचा वाद येथें संपवावा. पिवळा रंग अधिक सुंदर कीं जांभळा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु सावलीचा प्रश्न रुचीचा नाहीं. बहावा ऐन चैत्रांत पानें टाकतो, त्यामुळें उन्हाच्या पहिल्या तडाख्यांत त्याची सावली विरळ असते. ताम्हणाला तोंवर नवीं रुंद पानें आलेलीं असतात. ज्यांना पश्चिमेच्या उन्हापासून घराचा बचाव करावयाचा आहे, त्यांनीं हा फरक ध्यानांत धरावा.

याहून मोठा फरक पाण्याचा आहे. ताम्हणाचें माहेर म्हणजे कोंकणांतील आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे ओढे आणि नदीकांठ. त्याला गाळाची माती आणि पायाखालीं ओल हवी असते. कांहीं दिवस मुळाशीं पाणी तुंबलें तरी तें सहन करतें. बहावा देशावरच्या, विदर्भाच्या कोरड्या रानांतूनहि वाढतो. मुरमाड जमीन त्याला चालते. मात्र पाणी तुंबलेलें खपत नाहीं, निचरा उत्तम हवा. रत्नागिरीस वर्षाकांठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सोलापुरास ७०० च्या आसपास. हीं दोन गांवें एकाच राज्यांतलीं असलीं, तरी एकाला शोभेल तें झाड दुसऱ्याला शोभेलच असें नाहीं.

कोणी म्हणेल, ‘आम्ही पाणी घालूं, मग तर झालें?’ घालावें, पण तें कोण घालणार, हेंहि त्याच वेळीं ठरवावें. आपल्या कित्येक गांवांत चैत्र-वैशाखांत विहिरी आटतात आणि पिण्याचें पाणी टँकरनें येतें. त्या पाण्याच्या रांगेंत बहुधा घरांतली बाईच उभी असते. अशा गांवीं ओढ्याकांठचें झाड हौसेनें दारांत लावलें, तर त्या बाईच्या डोक्यावर आणखी एक घागर चढते. ती घागर टाळली, तर झाड खुरटतें किंवा मरतें. जें झाड दुसऱ्याच्या कष्टावर फुलावयाचें, त्याच्या फुलांचें कौतुक मला तरी करवत नाहीं.

१९५० सालीं केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सव सुरूं केला, तेव्हांपासून दर जुलै महिन्यांत गांवोगांवीं आणि शाळाशाळांतून झाडें लावलीं जातात. उपक्रम उत्तम आहे. परंतु जुलैंत झाड लावणें सोपें. पाऊसच त्याचा सांभाळ करतो. लावणाऱ्याची परीक्षा पुढच्या चैत्रांत होते. रोप उचलण्यापूर्वीं तो चैत्र डोळ्यांपुढें आणावा, म्हणजे निवड आपोआप सुधारते.

आतां लागवडीविषयीं. बहाव्याचें बीं फार कठीण कवचाचें असतें. रानांत माकडें आणि कोल्हे शेंगा खातात, आणि त्यांच्या पोटांतून गेलेलें बीं चांगलें रुजतें. घरीं हें काम खरखरीत दगडानें करावें. बियाची कड थोडी घासून, रात्रभर पाण्यांत भिजवून पेरावें. न घासलेलें बीं कित्येक महिने तसेंच पडून राहतें. ताम्हणाचें बीं बारीक आणि पंख असलेलें असतें. त्याचीं बोंडें वाळून उकललीं, कीं तें वाऱ्यानें उडून जातें. म्हणून बोंडें उकलूं लागतांच काढून घ्यावीं. चाळलेल्या मातीवर बीं विरळ पसरून वर मातीचा पातळ थर द्यावा आणि झारीनें हलकेंच पाणी शिंपडावें. वर्षभराचें रोप लावण्याजोगें होतें. बहाव्याचें रोप मात्र कुंडींत फार दिवस ठेवूं नये; त्याचें सोटमूळ वेटोळें घालूं लागतें आणि पुढें झाड नीट उभें राहत नाहीं.

खड्डा उन्हाळ्यांतच दोन-अडीच फूट लांब, रुंद आणि खोल खणून तापूं द्यावा. मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली, कीं माती आणि कुजलेलें शेणखत यांनीं तो भरून रोप लावावें. भिंतीपासून पंधरा फूट तरी अंतर ठेवावें, आणि वरून विजेच्या तारा जात नाहींत ना, हेंहि पाहावें. गुरांपासून राखण्यासाठीं कुंपण आणि वाऱ्यासाठीं काठीचा टेकू द्यावा. पहिले दोन-तीन उन्हाळे आळें करून पाणी द्यावें. रोज तांब्याभर ओतण्यापेक्षां आठवड्यांतून एक-दोन वेळां मुळापर्यंत मुरेल असें घालावें. रोज वरवर भिजविलेल्या झाडाचीं मुळें वरच राहतात. पुढें बहावा बहुतेक ठिकाणीं आपला आपण जगतो. कोरड्या प्रदेशांत ताम्हणाला मात्र दर उन्हाळीं पाणी द्यावेंच लागतें.

छाटणींतहि दोघांचे स्वभाव निराळे आहेत. ताम्हणाचीं फुलें नव्या फुटीच्या टोकाला येतात. म्हणून पानगळीनंतर, पालवीपूर्वीं, वाळलेलीं बोंडें आणि शेंडे थोडे छाटले तर बहर वाढतो. बहाव्याचे घोस मागच्या वर्षांच्या फांद्यांवर येतात. त्याला माघ-फाल्गुनांत छाटला, तर त्या वर्षींचीं फुलेंच आपण कापून टाकतों. त्याची वाळकी किंवा अडचणीची फांदी फुलोरा संपल्यावर काढावी. बहाव्याच्या पानांवर पुष्कळदां हिरव्या अळ्या दिसतात. घाबरून औषध फवारूं नये. त्यांतल्या बहुतेक फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या असतात, आणि झाड पुन्हां पालवतें.

फुलांसाठीं धीर हवा. बियांपासून केलेल्या ताम्हणाला चार-सहा वर्षें तरी लागतात; बहाव्याला बहुधा त्याहून अधिक. या अवधींत झाडाला कोणी तरी आपलें म्हणणारें लागतें. तें काम घरांतल्या एखाद्या मुलावर किंवा मुलीवर सोंपवावें. पाणी घालण्याच्या कामाबरोबर पहिलें पान केव्हां गळलें, पहिली कळी केव्हां आली, हें वहींत टिपून ठेवण्याचेंहि काम द्यावें. निसर्गाचा इतका स्वस्त धडा दुसरा नाहीं.

तेव्हां श्रोते हो, तुमचें घर कोंकणांत, नदीकांठीं किंवा बारमाही विहिरीशेजारीं असेल, तर निःशंकपणें ताम्हण लावा. जमीन मुरमाड, पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक असेल, तर बहावा लावा. अजून मनाचा निश्चय होत नसेल, तर यंदाच्या वैशाखांत आपल्या विहिरीचा तळ पाहून या. उत्तर तेथें मिळेल.