दुष्काळी कामांवरील मजुरी



दुष्काळांत अंमलदाराची परीक्षा हुकूम लिहिण्यांत नसते. कामावरची खरी हकीकत त्याजपर्यंत पोंचते कीं नाहीं, यांत असते. १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं काटकसरीसाठीं मद्रास इलाख्यांतील मजुरास रोजी एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा पुरे, असें ठरविलें. हिशेब कागदावर चोख होता. कागदावरचे हिशेब बहुधा असतातच. आरोग्यखात्याचे अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीं मजूर खंगत चाललेले पाहून, वरिष्ठांची भीड न धरतां हरकत घेतली, आणि त्याच सालीं दर वाढवावा लागला. इकडे पुणें सार्वजनिक सभेनेंही गांवोगांवची हकीकत जमवून सरकारास कळविली. पुढें फॅमिन कोडांत मजुरी धान्याच्या भावाशीं जोडली गेली. पण तो भाव वेळेवर कळवावयाचा कोणीं?

व्यापारी गृहस्थहो, बाजरी चढल्याची वार्ता कचेरीच्या आधीं आपल्या पेढीवर येते. ती दर आठवड्यास आमच्या चिटणिसांस लिहून धाडावी; आम्ही ती कलेक्टरसाहेबांपुढें ठेवूं. जमीनदारांनीं पगाराच्या दिवशीं कामावर हजर राहून पैसे मजुराच्या हातीं पडतात कीं नाहीं, तें पाहावें. वर्गणी तर हवीच. तिच्या पैपैचा हिशेब या अहवालास जोडला आहे.