गिऱ्हाईक दुकान वाचते



तुम्ही आता वाचायला शिकला आहात. एसटीची पाटी वाचता, तलाठ्याचा कागद वाचता. आज आम्ही तुम्हांला एका निराळ्या वाचनाविषयी सांगणार आहोत. गिऱ्हाईकही वाचते. ते दुकान वाचते.

भीमा नदीवरचे आपले उजनी धरण १९८० साली पुरे झाले. माढा, करमाळा, इंदापूर भागातल्या कितीतरी गावांची जमीन पाण्याखाली गेली. पुढे अनेकांनी याच पाण्यात जाळे टाकले. आज चिलापी, कटला, रोहू, मरळ या मासळीवर कितीतरी घरांची चूल पेटते. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते पाहायला लांबची माणसे येतात आणि जाताना मासळी नेतात.

असेच एकदा आमच्याकडे पुण्याचे पाहुणे आले. त्यांना मासळी हवी होती. आम्ही त्यांना आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानी नेले. त्याने पहाटे स्वतः धरलेली मासळी होती. पण फळीवर कालचे खवले वाळलेले. गोणपाटावर माश्या घोंगावत होत्या. तराजूचे पारडे काळे पडलेले. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला आणि ते शेजारच्या दुकानी गेले. तिथली मासळी आदल्या दिवशीची होती, पण फळी धुतलेली होती!

"याची मासळी ताजी आहे," एवढेच आम्ही म्हणायला हवे होते. पण पाहुण्यांपुढे आम्हांला संकोच वाटला. आम्ही गप्प बसलो. पोराने खाली मान घातली. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही.

सकाळी आम्ही त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "गुरुजी, रात्रभर थंडीत होडीत बसतो मी. माझा माल खोटा आहे का?"

आम्ही म्हणालो, "माल खरा आहे, बाबा. पण तुझी रात्र गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला फळी दिसते."

कल्ले लाल असले, डोळा चकाकत असला, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर आले, म्हणजे मासळी ताजी. पण हे बघायला गिऱ्हाईक जवळ तर यायला हवे! ते दुरूनच परत गेले, तर कल्ले कोण पाहणार?

मग दोघा नवराबायकोंनी कंबर कसली. फळी आणि पारडे घासले. भिंतीला चुना दिला. मासळीची घाण दूर खड्ड्यात पुरू लागले. मासळीच्या खाली-वर बर्फाचा चुरा घातला आणि वितळलेले पाणी वाहून जाईल अशी वाट केली. त्याची बायको आमच्या रात्रीच्या वर्गात येत असे. तिने खडूने पाटीवर मासळीची नावे आणि भाव लिहिले. 'मरळ' लिहिताना तिचा हात थरथरला, पण अक्षर नीट आले. त्या दिवशी दोन मोटारी थांबल्या. माणसे पाटी वाचून खाली उतरली. फार नव्हे, दोनच. पण कालपर्यंत एकही थांबत नव्हती.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. नुसता चुना लावून शिळा माल खपवू नका. वरून कीर्तन, आतून तमाशा, असे करणाऱ्याकडे गिऱ्हाईक एकदा येते, दुसऱ्यांदा येत नाही. स्वच्छता ही फसवायची युक्ती नव्हे. माशी घाणीवर बसते आणि तीच पुढे अन्नावर बसते. दुकान झाडणारा दुसऱ्याचे पोट सांभाळतो.

कुणी म्हणेल, झाडू मारणे हे हलके काम. गाडगे महाराज (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्या हाती झाडू शोभला, मग आपल्याला लाज कसली?

तेव्हा मंडळी, चहाची टपरी असो, किराणा असो, नाहीतर मासळीची फळी असो. उद्या सकाळी रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहा आणि आपलेच दुकान गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी वाचा. चूक दिसली तर पुसून टाका. पाटीवरचे चुकलेले अक्षर पुसता ना, तशीच.