गणिताचे गुण आणि गुरुजींची अपेक्षा



पेरणीआधी शेतकरी बियाणे पाखडून घेतो. पोचट दाणा बाजूला टाकतो, भरलेला तेवढा पेरतो. शेतात हे शहाणपणच आहे. पण शाळेतही, विशेषतः गणिताच्या तासाला, आपण पुष्कळदा असेच पाखडायला बसतो. ‘ह्याचा बाप मोलमजुरी करतो, ह्याला कुठलं जमणार प्रमेय!’ असे मनातल्या मनात ठरवून मोकळे होतो. पोर अजून फळ्याजवळ आलेलेही नसते. गणितात मुलाकडून अपेक्षा किती ठेवावी आणि त्याला गुण कसे द्यावेत, याविषयी आज चार गोष्टी सांगणार आहे. त्यासाठी तुम्हांला जरा दूर, अमेरिकेतल्या एका शाळेत घेऊन जातो.

लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेला गारफिल्ड हायस्कूल नावाची शाळा आहे. तिथली बहुतेक मुले मेक्सिकोतून आलेल्या कष्टकरी कुटुंबांतली. १९७४ साली तिथे हायमे एस्कालांते नावाचे शिक्षक आले. त्यांचा जन्म १९३० सालचा, दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशातला. मायदेशी ते शिक्षकच होते. पण अमेरिकेत आल्यावर त्यांना हॉटेलात फरशी पुसावी लागली, कारखान्यात राबावे लागले. शिकून पुन्हा पदवी मिळवली, तेव्हा कुठे हाती खडू आला. या मुलांना कॅल्क्युलस, म्हणजे आपण ज्याला कलनशास्त्र म्हणतो ते, शिकवायचे त्यांनी मनावर घेतले. अमेरिकेत हायस्कुलातच कॉलेजच्या तोडीची एक परीक्षा देता येते. तिला एक ते पाच अशी श्रेणी असते आणि तीन किंवा त्याहून वर मिळाले की उत्तीर्ण समजतात. सुरुवातीला त्यांची पाचच मुले परीक्षेला बसली आणि दोन पास झाली. १९८१ साली पंधरा बसली, चौदा पास झाली. १९८२ साली अठरा बसली आणि अठराही पास झाली.

आणि इथेच घोटाळा झाला. काही उत्तरपत्रिकांत एका प्रश्नाला सारखीच चूक आढळली, म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने चौदा मुलांवर संशय घेतला. मुले श्रीमंत वस्तीतली असती तर असा संशय आला असता का, असे तिथल्या पुष्कळांना वाटले. शेवटी बारा मुलांनी नवी प्रश्नपत्रिका घेऊन परीक्षा पुन्हा दिली. बाराच्या बारा पास झाली!

१९८८ साली या हकिकतीवर चित्रपटही निघाला. तो पाहिला तर वाटते, एका वर्षात जादू झाली. तसे नव्हते, बरे का. एस्कालांते यांना तिथे येऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. शाळा भरण्यापूर्वी, जेवणाच्या सुटीत आणि शाळा सुटल्यावर ते मुलांना घेऊन बसत. उन्हाळ्याच्या सुटीतही वर्ग चालवत. खालच्या वर्गांतले बीजगणित कच्चे राहिले तर वर इमला चढणार नाही, हे ओळखून त्यांनी पायापासून डागडुजी केली. अपेक्षा तर ठेवलीच, पण तिचा अर्धा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला. नुसती अपेक्षा ठेवून मुलाला वाऱ्यावर सोडणे हा जाच होय. आणि गरिबाचे पोर म्हणून अपेक्षाच न ठेवणे, हा त्याचा अपमान होय.

आता गुणांकडे वळू. अमेरिकेत नववी ते बारावी असे चार वर्षांचे हायस्कूल असते. या चार वर्षांतले गुण पुढे कॉलेजच्या प्रवेशाला पाहतात आणि ते वर्गावर शिकवणारा शिक्षकच देतो. गृहपाठाला किती, चाचणीला किती, मोठ्या परीक्षेला किती, हे बहुतेक शिक्षक वर्षाच्या आरंभीच कागदावर लिहून मुलांच्या हाती देतात. पुष्कळ शाळांत ९० च्या वर ‘ए’, ८० च्या वर ‘बी’, असे उतरत जाऊन ६० च्या खाली ‘एफ’, म्हणजे नापास. नियम आधी सांगितला, ही गोष्ट चांगलीच.

पण त्यातही एक मेख आहे. समजा, एका मुलीला चार कामांत ८० गुण पडले आणि पाचवे काम तिने दिलेच नाही, म्हणून शून्य मिळाले. बेरीज ३२०, सरासरी ६४. ‘बी’ मिळवणारी मुलगी एका शून्याने ‘डी’वर घसरली. तिचे गणित का एका दिवसात कच्चे झाले? कदाचित त्या संध्याकाळी ती दुकानात कामाला गेली असेल, किंवा धाकट्या भावाला सांभाळत असेल. अमेरिकेतल्या शिक्षकांत यावरून मोठा वाद आहे. काही म्हणतात, पन्नासच्या खाली गुण देऊच नयेत. दुसरे म्हणतात, काम न करता अर्धे गुण देणे खोटेपणाचे आहे. मला वाटते, दोन्ही बाजूंनी एक सोपी गोष्ट राहून जाते. राहिलेले काम करून घ्यावे, आणि मग त्याचे गुण द्यावेत. शून्य लिहिले की गुरुजींचे काम संपते. काम करून घेतले की मुलीचे गणित पुढे सरकते.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. आपल्या दहावीला गणिताच्या ४० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात आणि २० गुण शाळेच्या हाती असतात. हे २० गुण कुठे कुठे खिरापतीसारखे सरसकट वाटले जातात. हेतू वाईट नसतो. पोराचे भले व्हावे एवढेच मनात असते. पण हे भले अकरावीला सायन्सच्या वर्गात बसल्यावर उघडे पडते. फळ्यावरचे काही कळत नाही आणि कुणाला सांगायचीही चोरी, कारण गुणपत्रिका तर म्हणते की याला गणित येते!

उलट, जिथे गुण द्यायला हवेत तिथे मात्र आपला हात आखडतो. सरळव्याजाचे साधे गणित घ्या. ५०० रुपये, दर साल दर शेकडा ८, मुदत ३ वर्षे. एका मुलाने लिहिले, ५०० गुणिले ८ गुणिले ३, भागिले १००. सगळे बरोबर. पण शेवटी १२० ऐवजी घाईत १०२ लिहिले. शेजारच्याने पाहून नुसते १२० लिहिले. एकाला फुली आणि दुसऱ्याला पूर्ण गुण दिले, तर आपण काय शिकवले? पहिल्याला व्याज कळले आहे. त्याला चारपैकी तीन द्या आणि चूक झाली तिथे समासात एक ओळ लिहा. दुसऱ्याला फळ्याजवळ बोलवा आणि म्हणा, ‘कसं आलं, ते करून दाखव बाळ.’ गुण म्हणजे मुलाला काय येते आणि कुठे अडते याची खबर. ही खबर खरी असेल तरच तिचा उपयोग.

तेव्हा गुरुजी आणि बाई, एक विनंती आहे. जून महिन्यात शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात सोप्या मराठीत फळ्यावर लिहा: वर्षअखेर काय यायला हवे, गुण कशाला मिळतील, आणि अडल्यावर तुम्ही कोणत्या वेळी भेटाल. ही शेवटची ओळ विसरू नका. पालकसभेतही तेच सांगा. आणि पालकहो, तुम्ही स्वतः शाळा शिकलेले नसलात तरी बिचकू नका. पेपर घरी आला की ‘किती पडले?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘कुठं अडलं?’ हेही विचारा. उत्तर तुम्हांला समजले नाही तरी चालेल. ते सांगताना पोराला आपली अडचण नेमकी दिसेल, आणि दुसऱ्या दिवशी ते गुरुजींना काय विचारायचे, हे घरूनच ठरवून निघेल.